रोज त्याच वेळेला येणाऱ्या जोड्या: लेझर सिग्नल शोधणाऱ्या एका छोट्या यंत्राचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गटाचं आहे. माणसांची नावं, जागा आणि ताऱ्याचा कॅटलॉग नंबर मुद्दाम काढलाय, बाकी जसं झालं तसं. लिहायचं कारण एवढंच की परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे लेझर सिग्नल शोधायचं यंत्र बनवताना सगळे आरसे, ट्यूब आणि सर्किट यांचं बोलतात, पण "हे खरं की खोटं" हे ठरवताना रात्री तीन वाजता डोकं कसं चालतं ते फार कुणी लिहून ठेवत नाही.

पार्श्वभूमी

आम्ही पाच जण, आणि खगोलशास्त्र हा कुणाचाच पोटापाण्याचा धंदा नाही. एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, त्यांना सगळे काका म्हणतात. ऑप्टिक्स शिकवणाऱ्या एक ताई. सॉफ्टवेअर लिहिणारा एक मुलगा, माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारा सांगाडा) आणि लोखंडी काम बघणारा एक मित्र, आणि मी लॉग ठेवणारा, रात्री दुर्बिणीपाशी बसणारा. दुर्बीण ५० सेंटीमीटरची, जर्मन इक्वेटोरियल माउंटवर.

लेझरच का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो म्हणून थोडक्यात सांगतो. १९५९ साली कोक्कोनी आणि मॉरिसन यांनी रेडिओने शोध घ्यायची कल्पना मांडली, १९६० ला पहिला लेझर चालला आणि लगेच १९६१ ला श्वार्ट्झ आणि टाउन्स यांनी लिहिलं की ताऱ्यांच्या मधल्या अंतरावर लेझरनेही बोलता येईल. तेव्हाचे लेझर अगदीच कमकुवत होते त्यामुळे बरीच वर्षं सगळा जोर रेडिओवरच राहिला. पण आता पेटावॅटचे लेझर आपल्याकडेच आहेत, आणि तसा लेझर मोठ्या आरशातून एका दिशेला सोडला तर त्या क्षणापुरता, त्या दिशेने बघणाऱ्याला तो आपल्या सूर्यापेक्षा सुमारे दहा हजार पट उजळ दिसेल. क्षण म्हणजे खरोखर क्षण, नॅनोसेकंद. सेकंदाचा अब्जावा भाग. आणि यातली सगळ्यात मोठी सोय ही की साधा तारा नॅनोसेकंदात कधी भपकन उजळत नाही, त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशात पाच-दहा फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणांचा, एकगठ्ठा घोळका आला तर तो लगेच वेगळा उठून दिसतो.

यंत्र म्हणाल तर कागदावर अगदी सोपं. दुर्बिणीतून आलेला प्रकाश बीमस्प्लिटरने दोन भागांत वाटायचा, दोन्ही बाजूंना एकेक फोटोमल्टिप्लायर ट्यूब (अगदी मोजक्या फोटॉनचाही विजेचा झटका, म्हणजे पल्स, बनवणारी) लावायची, आणि दोन्ही ट्यूबनी एकाच वेळी मोठा पल्स दिला तरच नोंद करायची. एका ट्यूबवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तिच्या आतच नाना कारणांनी पल्स तयार होतात. काचेतला किरणोत्सर्ग असतो, आफ्टरपल्स (खऱ्या पल्सच्या मागून येणारे खोटे) असतात, हाय व्होल्टेजची गळती असते. दोन ट्यूबना एकाच पाच नॅनोसेकंदांत असा झटका येणं मात्र दुर्मिळ.

किती दुर्मिळ याचं गणित आम्ही आधीच केलं होतं आणि ते पुढे लागणार आहे म्हणून इथेच मांडतो. थ्रेशोल्डच्या (मोठा पल्स कशाला म्हणायचं ती ठरवलेली पातळी) वरचे पल्स प्रत्येक ट्यूबमध्ये सेकंदाला साधारण १०० आणि खिडकी ५ नॅनोसेकंदांची, तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या म्हणजे दोन गुणिले शंभर गुणिले शंभर गुणिले पाच नॅनोसेकंद. दर १०,००० सेकंदांना एक. पावणेतीन तासांत एक जोडी फुकटची येणार हे धरूनच चालायचं.

इथेच आमचा पहिला निर्णय झाला होता, दोन ट्यूब की तीन. लिक वेधशाळेच्या १ मीटर निकल दुर्बिणीवर २००१ मध्ये तीन ट्यूब लावल्या होत्या त्या ह्याच कारणासाठी, खोट्या नोंदी वर्षाला साधारण एकवर येतात म्हणून. हार्वर्डवाल्यांनी १.५ मीटरच्या दुर्बिणीवर दोनच डिटेक्टर ठेवले, पण जोडीला प्रिन्स्टनमध्ये ०.९ मीटरच्या दुर्बिणीवर तसंच दुसरं यंत्र बसवून दोन्हीकडून एकाच वेळी एकच तारा बघितला. आम्ही दोन ट्यूब घेतल्या आणि दुसरी जागा नव्हती. म्हणजे दोघांच्याही पद्धतीतला खोटं पकडणारा भाग आम्ही सोडून दिला. तेव्हा कारण बरोबर वाटलं होतं, आमचा आरसा लहान, प्रकाश तीन ठिकाणी वाटला तर प्रत्येक ट्यूबला दीडपट कमी मिळणार. ते कारण आजही चूक नाहीये. पण त्या बदल्यात काय हातचं जातंय ते आम्ही नीट तोललं नव्हतं.

एक गोष्ट आम्ही व्यवस्थित केली तीही सांगतो. काकांनी एलईडीचा नॅनोसेकंद फ्लॅशर बनवला होता, तो घुमटात लावून अगदी मंद करत करत आम्ही बघून घेतलं की प्रत्येक ट्यूबला किती फोटॉन मिळाले तर यंत्र पकडतं. हे केलं नाही तर वर्षभर काहीच दिसलं नाही याचा अर्थ आकाशात काही नव्हतं की यंत्र आंधळं होतं हे कधीच कळत नाही.

आणि झाकण लावूनही चाचणी केली होती. दुर्बीण पार्क करून, तोंडावर झाकण, तीन तास. दोन जोड्या आल्या. अंधारात ट्यूबचे पल्स फारच कमी, त्यामुळे योगायोगाच्या हिशोबाने एकही यायला नको होती, पण दोनच तर आहेत म्हणून पुढे गेलो. लॉगमध्ये माझ्याच अक्षरात आहे, "डार्क ओके".

अडचण

पहिले काही आठवडे आम्ही यादीतले तारे दहा-दहा मिनिटं बघत होतो. कुठे एक जोडी, कुठे काहीच नाही. मग ठरलं की सूर्यासारख्या, जवळच्या काही ताऱ्यांना जास्त वेळ द्यायचा, मेरिडियनच्या (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) आधी ४० मिनिटं आणि नंतर ४० मिनिटं, कारण तेव्हा तारा सगळ्यात उंच असतो. त्या यादीतला पहिलाच तारा सातव्या प्रतीच्या आसपासचा (तेजाच्या मापात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका मंद), मेरिडियनवर साधारण ४५ अंश उंचीवर येणारा.

पहिल्या रात्री मेरिडियनच्या आधीच्या ४० मिनिटांत चार जोड्या आल्या. हिशोबाने पाव जोडी यायला हवी होती. मेरिडियननंतर शून्य.

दुसऱ्या रात्री आधी तीन, नंतर शून्य.

तिसऱ्या रात्री ढग. चौथ्या रात्री आम्ही पाचही जण हजर. आधी चार, नंतर शून्य. त्या रात्री काकांनी ट्यूबच्या वायरी थेट ऑसिलोस्कोपला जोडल्या होत्या म्हणून पहिल्यांदाच पल्स डोळ्यांनी बघायला मिळाले. पिवळी रेघ एका ट्यूबची, निळी दुसरीची, दोन्ही सपाट पडलेल्या, आणि एकदम दोन्ही रेघा एकाच जागी खाली डोकावल्या, पाच नॅनोसेकंदांच्या, टोकदार, थ्रेशोल्डच्या कितीतरी पलीकडे, जवळजवळ सारख्या खोलीच्या. कुणी काही बोललं नाही. ताईंनी स्क्रीनचा फोटो काढला आणि फोन खाली ठेवताना त्यांचा हात थरथरत होता, मला तो हात अजून आठवतो.

यातली खरी गोम वेळेत होती. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, आणि या जोड्याही घड्याळाप्रमाणे नाही तर ताऱ्यांच्या वेळेप्रमाणे येत होत्या. शेजारच्या कुठल्या यंत्राचा, दिव्याचा, वायरिंगचा उपद्रव असता तर तो आपल्या घड्याळाने चालला असता ना. आकाशासोबत सरकणारी गोष्ट आकाशातलीच असणार असं वाटतं. रेडिओवाले लोक हीच कसोटी पहिल्यांदा लावतात. हार्वर्डच्या पाच वर्षांच्या कामात धरण्याजोग्या निरीक्षणांमध्ये २७४ घटना आल्या होत्या आणि त्यात पुन्हा पुन्हा येण्याचा कुठलाही नमुना नव्हता, आणि इथे आमच्याकडे तीन रात्रीत अकरा जोड्या, सगळ्या एकाच ताऱ्यावर, एकाच नक्षत्र-वेळेला, आणि मेरिडियन ओलांडला की बंद.

समोरचे पर्याय

त्या रात्री घुमटातच बसून बोलणं झालं, पहाटेपर्यंत.

कुणाला तरी कळवून टाकायचं हा पहिला विचार, आणि तो मुलाने मांडला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, सिग्नल उद्या बंद पडला तर आपण गप्प बसलो याची टोचणी जन्मभर राहील. काका म्हणाले, "अरे, १९८९ ची तत्त्वं आहेत त्यासाठी, आधी स्वतः खात्री करायची, मग दुसऱ्यांकडून करून घ्यायची, जाहीर करणं त्याच्या नंतर." ही तत्त्वं आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने घालून दिलेली आहेत. ती कायदा नाहीत, पण अशा रात्री असा लिहिलेला क्रम हाताशी असणं फार उपयोगी पडतं, कारण त्या वेळी स्वतःचं डोकं कुठला क्रम सांगेल याचा नेम नसतो.

दुसरा पर्याय, ओळखीच्या दुसऱ्या गटाला त्याच ताऱ्याकडे दुर्बीण वळवायला सांगायचं. त्यांच्याकडे कॅमेरा चांगला होता. पण साध्या कॅमेऱ्यात हे दिसणारच नाही. सेकंदभराच्या एक्सपोजरमध्ये ताऱ्याचे लाखो फोटॉन जमा होतात, त्यात दहा-वीस फोटॉनचा घोळका कुठे हरवेल पत्ताही लागणार नाही. आमच्यासारखंच यंत्र असलेलं कुणी ओळखीत नव्हतं.

तिसरा, दुर्बीण दोन अंश बाजूला सरकवून रिकाम्या आकाशाकडे बघायचं. जोड्या थांबल्या तर ताऱ्याकडून येतात.

चौथा, झाकण लावून तोच सगळा कार्यक्रम पुन्हा. दुर्बीण ताऱ्याच्या मागे फिरत राहील, फक्त प्रकाश आत येणार नाही.

पाचवा, थांबायचं, तिसरी ट्यूब बसवायची, मग पुढे. पण तेवढ्यात तारा ऋतूनुसार मावळतीला लागला असता.

चौथ्या पर्यायावर सगळ्यात कमी वेळ बोललो. आज विचार केला की हेच जास्त लागतं. "डार्क टेस्ट तर झालीये की" असं मीच म्हणालो, आणि सगळ्यांना ते पटलं, कारण खरंच झाली होती. शिवाय निरभ्र रात्री झाकण लावून बसायचं ही कल्पनाच कुणाला सहन होईना. तिसरा पर्याय सोपा वाटला, पटकन होणारा वाटला, तो निवडला.

काय केलं

पाचव्या रात्री ताऱ्यावर २० मिनिटं, मग बाजूच्या रिकाम्या आकाशावर २० मिनिटं, दोन्ही मेरिडियनच्या आधी. ताऱ्यावर दोन जोड्या. रिकाम्या आकाशावर शून्य.

आता मात्र सगळेच हलले. मी स्वतः त्या वेळी मनाने ठरवून टाकलं होतं की हे खरं आहे, इथे कबूल करतो. मुलाने तर ई-मेलचा मसुदा लिहायला घेतला.

थांबवलं ते ताईंनी, आणि आरडाओरडा न करता, वहीवर. त्या म्हणाल्या, समजा हे ताऱ्यामुळे नाहीच, दुसऱ्या कशामुळे तरी तासाला पाच जोड्या येतायत. तर २० मिनिटांत सरासरी १.७ येतील. सरासरी १.७ असताना एकही न येण्याची शक्यता किती? जवळजवळ पाचात एक. "पाच वेळा केलं तर एकदा असंच दिसेल, तारा असो वा नसो. यावर ई-मेल पाठवायचा का?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. निरभ्र रात्रीची फक्त २० मिनिटं रिकाम्या आकाशावर घालवली होती कारण जास्त घालवायची इच्छा नव्हती, आणि तेवढ्या वेळात दोन्ही शक्यतांमधला फरक दिसूच शकत नव्हता. म्हणजे चाचणी केल्याचं समाधान मिळालं, चाचणी झाली नाही.

दुसरी गोष्ट माउंटवाल्या मित्राने काढली. तो दिवसभर काही बोलला नव्हता. संध्याकाळी माउंटला ग्रीस लावता लावता म्हणाला, "मेरिडियन ओलांडला की जोड्या थांबतात ना? मग मेरिडियनला आपण काय करतो?"

मी म्हटलं, "फ्लिप."

जर्मन माउंटवर तारा मेरिडियन ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते, नाहीतर नळी खांबाला धडकेल. दुर्बीण बघते त्याच ताऱ्याकडे, पण नळी आणि तिच्या मागे लावलेलं सगळं यंत्र स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतं. वरची बाजू खाली. म्हणजे जे आम्ही "तारा मेरिडियनला बंद होतो" असं लिहीत होतो ते तितक्याच खरेपणाने "यंत्र उलटं केलं की बंद होतं" असं लिहिता आलं असतं, आणि आम्ही पाच दिवसांत एकदाही तसं लिहिलं नव्हतं.

सहाव्या रात्री ढग होते. एरवी ढग आले की चडफडत घरी जायचं, पण त्या रात्री ढग म्हणजे सोयच झाली, कारण झाकण लावायला काहीच गमवावं लागत नव्हतं. तोंडावर झाकण, त्यावर काळं कापड, घुमट बंद, दिवे बंद. दुर्बीण तारा जिथे असायला हवा तिथे धरून फिरत ठेवली. आणि बसलो.

अकराव्या मिनिटाला स्कोपवर दोन्ही रेघा खाली डोकावल्या.

तशाच. टोकदार, खोल, सारख्या. अॅल्युमिनियमचं झाकण, कापड आणि ढग यांच्या पलीकडे असलेल्या ताऱ्याकडून हे येणं शक्य नव्हतं. फ्लिपपर्यंत ४० मिनिटांत एकूण चार आल्या, फ्लिपनंतर शून्य. मग यंत्र दुर्बिणीच्या मागून सोडवून १८० अंशात फिरवून पुन्हा बसवलं आणि पुढच्या रात्री झाकण लावूनच परत केलं, तर आता फ्लिपच्या आधी शून्य आणि नंतर पाच. मुलाने ई-मेलचा मसुदा तिथल्या तिथे डिलीट केला.

कारण काय निघालं

कॉस्मिक किरण. नेमकं सांगायचं तर म्युऑन. बाहेरून येणारे कॉस्मिक किरण वातावरणात वर आदळतात, त्यातून म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) बनतात आणि ते जमिनीपर्यंत येतात, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक. तळहात पसरला तर सेकंदाला एकापेक्षा जास्त आरपार जातात. झाकण, घुमट, अॅल्युमिनियम यांनी ते अडत नाहीत.

म्युऑन ट्यूबच्या तोंडाच्या काचेतून जातो तेव्हा काचेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जातो, म्हणून चेरेन्कोव्ह प्रकाशाची एक बारीकशी ठिणगी पडते. ती ठिणगी ट्यूबच्या अगदी नाकासमोर पडत असल्याने पल्स मोठा येतो, थ्रेशोल्डच्या सहज वर. एका ट्यूबमध्ये हे होतं ते आम्हाला ठाऊक होतं, दोन ट्यूब लावतात त्या त्यासाठीच. पण आमच्या दोन ट्यूबची तोंडं एकमेकांपासून फक्त साडेआठ सेंटीमीटरवर होती, आणि तो जोडणारा रस्ता उभा आला की एकच म्युऑन वरच्या ट्यूबमधून खालच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतो. साडेआठ सेंटीमीटर कापायला त्याला नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ लागतो, आमच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते एकदमच वाटणार.

बीमस्प्लिटरमुळे एक ट्यूब सरळ मागे आणि दुसरी काटकोनात बाजूला, म्हणजे दोघींना जोडणारी रेघ दुर्बिणीच्या अक्षाशी ४५ अंशात. आमचा तारा ४५ अंश उंचीवर. दोन्ही कोन मिळून ती रेघ बरोब्बर उभी येत होती, आणि म्युऑन सगळ्यात जास्त येतात ते सरळ वरूनच. फ्लिप केलं की तीच रेघ आडवी. आडवे म्युऑन जवळजवळ येतच नाहीत. काकांनी काचेचं क्षेत्रफळ, अंतर आणि म्युऑनचा दर घेऊन कागदावर हिशोब केला, तासाला साधारण पाच. आमच्या मोजणीशी जुळला.

आणि ताऱ्यांच्या वेळेचं कोडंही यातच सुटतं. आम्ही रोज तोच तारा मेरिडियनच्या त्याच अंतरावर बघत होतो, म्हणजे रोज त्याच नक्षत्र-वेळेला दुर्बीण त्याच कोनात उभी राहत होती. आकाशासोबत सरकत होती ती आमची दुर्बीण.

पार्क केलेल्या अवस्थेत ती रेघ बरीच आडवी असते, पण अगदी नाही. म्हणून तीन तासांत दोन. "डार्क ओके" लिहिलेल्या त्या दोन जोड्या म्हणजे हेच म्युऑन होते.

मुलाने मग पहिल्या आठवड्यांचा सगळा लॉग पुन्हा काढला आणि दुर्बीण माउंटच्या कुठल्या बाजूला होती त्याप्रमाणे वाटला. एका बाजूच्या ३८ निरीक्षणांत १९ जोड्या, दुसऱ्या बाजूच्या ३५ निरीक्षणांत ४. तो नमुना सुरुवातीपासून तिथे पडून होता. प्रत्येक फाइल आम्ही वेगवेगळी बघितली, एक इथे एक तिथे म्हणून सोडली, बेरीज कुणी केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी झाकणाची चाचणी. ती पार्कमध्ये न करता निरीक्षण करतो त्याच कोनांत करायला हवी होती, आकाशावर जितका वेळ तितकाच वेळ. वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खरा नाहीये, ढगाळ रात्री भरपूर असतात आणि त्या आम्ही वाया घालवत होतो.

रिकाम्या आकाशाची चाचणी करायच्या आधी ताईंनी नंतर केलेलं गणित करायला हवं होतं, किती वेळ बघितलं तर शून्याला अर्थ येईल ते. इथे किमान एक तास लागला असता, तेव्हा शून्य येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी झाली असती. आमच्या मनात हे वीस मिनिटांचं दुखणं अजून आहे कारण चुकीच्या शून्यानेच आम्हाला सगळ्यात जास्त पुढे ढकललं.

लॉगमध्ये तारा, वेळ, हवामान एवढंच होतं. माउंटची बाजू, यंत्र कुठल्या कोनात बसवलंय, हे रकाने नव्हते, मुलाला ते दुर्बिणीच्या फाइलींमधून उकरून काढावे लागले. शिवाय आम्ही फक्त मोजणी साठवत होतो, पल्सचा आकार नाही. म्युऑनचे पल्स चेरेन्कोव्हच्या ठिणगीमुळे ठराविक उंचीच्या आसपास जमलेले असतात, तो ढीग पहिल्याच आठवड्यात दिसला असता.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. मुलाचं म्हणणं, चौथ्या रात्रीच दुसऱ्या अनुभवी लोकांना, जाहीर न करता, खाजगीत विचारायला हवं होतं, त्यांनी म्युऑनचं नाव पाच मिनिटांत घेतलं असतं. काकांचं म्हणणं की स्वतःची झाकणाची चाचणी झाल्याशिवाय दुसऱ्याचा वेळ घेऊ नये. मला आता मुलाचं पटतं. खात्री करून घेण्यात दुसऱ्याला विचारणंही येतं, आणि "आमच्याकडे काहीतरी विचित्र येतंय, काय असेल" असं विचारणं म्हणजे दावा करणं नाही.

पुढे

उपाय म्हणून तीन गोष्टी समोर होत्या. ट्यूबमधलं अंतर वाढवायचं, पण अंतर दुप्पट केलं तर म्युऑनच्या जोड्या चौथाई होतात, संपत नाहीत, आणि यंत्र जड होतं. ट्यूबभोवती प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या) पट्ट्या लावून म्युऑन गेला की ती नोंद रद्द करायची, हे चांगलं आहे पण पट्ट्यांसाठी आणखी ट्यूब आणि आणखी इलेक्ट्रॉनिक्स आलं. किंवा तिसरी ट्यूब, आधीच्या दोघींच्या रेघेत न येणारी. म्युऑन सरळ रेषेत जातो, तीन कोपऱ्यांवरच्या तीन ट्यूब एकटा गाठू शकत नाही.

तिसरी ट्यूब लावली. पहिला स्प्लिटर एक तृतीयांश प्रकाश काढून घेतो, दुसरा उरलेल्याचे दोन समान भाग करतो. ज्या दीडपट नुकसानीला घाबरून सुरुवातीला दोनच घेतल्या होत्या ते नुकसान सोसलं, फ्लॅशर लावून नव्याने मोजून घेतलं. योगायोगाने तिन्ही जुळायचा हिशोब आता चारशे वर्षांहून जास्त काळात एकदा असा येतो, म्हणजे एखादी तिहेरी आली तर ती योगायोग नाही एवढं नक्की, पण ताऱ्याकडूनच आली असंही नाही, कारण कॉस्मिक किरणांचा मोठा फवारा आला तर त्यातले वेगवेगळे कण एकदम तिन्ही ट्यूबमध्ये शिरू शकतात.

त्यानंतर आकाशावर १४० तास झालेत. दुहेरी जोड्या येतात, त्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. तो तारा मेरिडियनच्या दोन्ही बाजूंनी तासन्‌तास बघून झाला, त्यावर एकही तिहेरी नाही. दुसऱ्या एका ताऱ्यावर मात्र एक आली, पहाटे, मी एकटाच होतो. कुणाला फोन केला नाही. वेळ, उंची, माउंटची बाजू, यंत्राचा कोन, तिन्ही पल्सचे आकार, सगळं लिहिलं. पुढच्या सात रात्री तिथेच बघितलं, पुन्हा आली नाही.

मग ढगाळ रात्री एकेक करत झाकण लावून त्याच कोनांमध्ये तेवढेच १४० तास भरले, बरेच महिने लागले त्याला. त्यातही तिहेरी एक आली.